दम

मराठीतल्या काही शब्दांना एक दिवसाचीही रजा मिळत नाही. ‘दम’ हा त्यांपैकी एक. जिना चढताना आपल्याला दम लागतो. मधल्या वळणावर थांबून आपण दम खातो. वर पोचलो की गॅलरीतून खाली गोंगाट करणाऱ्या मुलांना दम देतो. घाईत असलेल्याला ‘जरा दमाने घे’ म्हणतो, आणि हुतुतूत चढाई करणाऱ्या गड्याचा दम तुटला की तो बाद. दिवाळी अंकातला एखादा लेख अर्ध्यावर सोडून वाचक म्हणतो, ‘यात काही दम नाही’. प्रस्तुत लेखकाने ही धास्ती मनात ठेवूनच लेखणी उचलली आहे. आणि संध्याकाळी घरी परतलेला चाकरमानी खांद्यावरची पिशवी खुंटीला लावता लावता जो एकच शब्द उच्चारतो, तोही ह्याच कुळातला: ‘दमलो!’

हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिकडे त्याचा साधा अर्थ श्वास. आपण तो उचलला आणि ताकद, थकवा, धीर, धाक अशा सगळ्यांना वाटून टाकला. श्वास आणि अंगातला जोर ही एकाच घरची भावंडे आहेत, हे आपल्या पूर्वजांना एखाद्या घाटातल्या चढानेच शिकवले असावे. मात्र ती एका घरची का, याचे उत्तर शब्दकोशात नाही. ते मला दुसरीकडे शोधावे लागले.

तुम्ही म्हणाल, शब्दांची साले काढणाऱ्या माणसाला पेशीच्या पोटात डोकावण्याचा हा नसता उद्योग कुणी सांगितला? तो सांगितला आमच्या आईने.

तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन आई एका दमात येत असे. ‘दमले’ हा शब्द तिच्या तोंडून आम्ही भावंडांनी कधी ऐकलाच नव्हता. तिची सत्तरी उलटली आणि त्याच जिन्यात ती चारचारदा थांबू लागली. मग वेणी घालतानाही तिचे हात अर्ध्यावरून खाली येऊ लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, फुप्फुसे स्वच्छ आहेत. हृदय थकले आहे. २०२०-२१ च्या साथीत घरोघरी आलेले ते बोटाला लावायचे यंत्र आमच्याकडेही होते. ते लावले की कधी ९६ दाखवी, कधी ९७. म्हणजे रक्तात प्राणवायूची टंचाई नाही. आईने एकदा त्या आकड्याकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, “हे म्हणतंय भरपूर आहे, आणि मी म्हणतेय काहीच नाही. आमच्या दोघांत खोटं कोण बोलतंय रे?”

हा प्रश्न घेऊन मी स्टाफरूममध्ये जीवशास्त्राच्या बाईंकडे गेलो. त्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, “सर, तो आकडा एवढंच सांगतो, की मालगाडी भरून निघाली. ती वेळेवर पोचली का, आणि पोचलेल्या मालावर घरात चूल पेटली का, हे त्याला कुठून कळणार?”

“आणि ही चूल असते कुठे?” मी विचारले.

बाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. त्यानंतरचे कित्येक ऑफ तास आम्ही त्या चुलीपाशी घालवले.

या गोष्टीची सुरुवात एका फ्रेंच गृहस्थापासून होते. आंत्वान लाव्हाझिए हा रसायनशास्त्रज्ञ १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाप्लास या गणितज्ञाला बरोबर घेऊन एक प्रयोग करीत होता. बर्फाने वेढलेल्या भांड्यात त्याने एक गिनी पिग ठेवला. त्या प्राण्याच्या उबेने किती बर्फ वितळते आणि त्याच्या उच्छ्वासातून कोणता वायू किती बाहेर पडतो, हे मोजले. मग कोळसा जाळून तोच हिशेब मांडला. दोन्ही हिशेब इतके जवळ आले, की त्याने निष्कर्ष काढला: श्वसन म्हणजे ज्वलनच, फक्त फार सावकाश चाललेले. पुढे क्रांतीच्या धामधुमीत ८ मे १७९४ रोजी याच लाव्हाझिएला गिलोटिनखाली मान द्यावी लागली. प्राणवायूला त्याने ‘ऑक्सिजन’ म्हणजे ‘आम्ल निर्माण करणारा’ असे नाव दिले होते, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतो अशी त्याची समजूत होती. ती समजूत चुकीची निघाली, पण नाव राहिले. आपल्या भाषेने मात्र त्याला ‘प्राणवायू’ म्हटले. या एका बाबतीत मराठी बारसे फ्रेंच बारशापेक्षा सरस झाले, असे म्हणायला मी कचरत नाही.

लाव्हाझिएला वाटे, हा अग्नी फुप्फुसात जळतो. आपल्यालाही तसेच वाटते. श्वसन म्हटले की आपण छातीवर हात ठेवतो. पुढच्या शतकात कळले की छाती हा नुसता दरवाजा आहे. चूल प्रत्येक पेशीत आहे. पायाच्या पोटरीत आहे, डोळ्याच्या पडद्यात आहे, हे वाक्य वाचताना तुमच्या मेंदूतही ती पेटलेली आहे. १८९८ साली कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत दिसणाऱ्या बारीक दोऱ्यांना आणि कणांना ‘मायटोकॉन्ड्रिया’ असे नाव दिले. ग्रीकमध्ये मायटॉस म्हणजे दोरा आणि कॉन्ड्रॉस म्हणजे कण; म्हणून आपल्या शाळेच्या पुस्तकांत ‘तंतुकणिका’. हीच पेशीची चूल, हे सिद्ध व्हायला १९४८ साल उजाडावे लागले. अमेरिकेत युजीन केनेडी आणि आल्बर्ट लेनिंजर यांनी उंदराच्या यकृतातून तंतुकणिका वेगळ्या काढून ते दाखवून दिले.

आता मुख्य अडचण पाहा. चमचाभर साखर थेट आगीत टाकली, तर ती भडकून जळते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते आणि सारी उष्णता क्षणात निघून जाते. तीच साखर शरीरातही जळते, आणि शेवटी तेच दोन पदार्थ होतात. हिशेबाने उष्णताही तेवढीच. पण पेशीत असा भडका उडाला, तर पेशीच शिल्लक राहायची नाही. दिवाळीच्या रात्री अंगणात अनार उडतो आणि उंबऱ्यावर पणती जळते. अनाराचे काम अर्ध्या मिनिटात आटोपते. पणतीतले तेल वातीच्या धाग्याधाग्याने वर चढते, म्हणून ती मध्यरात्र गाठते. पेशीने पणतीची रीत उचलली आणि ती अशी बारीक केली, की तिला ज्योतच उरली नाही.

ही रीत तीन टप्प्यांची आहे. पहिला टप्पा तंतुकणिकेच्या बाहेर, पेशीच्या द्रवात. तिथे ग्लुकोजचा सहा कार्बनांचा कण मधोमध तोडून तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे होतात. याला प्राणवायू लागत नाही; पण कमाईही तुटपुंजी. ही कमाई ज्या नाण्यात मोजतात, त्याचे नाव अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, लाडके नाव एटीपी. पाचशेची नोट घेऊन कोथिंबिरीची जुडी आणायला जाऊन पाहा. भाजीवाली तुमच्याकडे कशी बघते ते. पेशीतल्या कामांनाही सुटे पैसे लागतात. ग्लुकोज ही मोठी नोट, एटीपी हे सुटे. पहिल्या टप्प्यात एका ग्लुकोजमागे हाती पडतात फक्त २ एटीपी.

हे नाणे हुडकणाऱ्यांत आपला एक माणूस होता. आंध्रातल्या भीमावरमला १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करीत होते. १९२७ साली या दोघांनी स्नायूतले फॉस्फोक्रिएटिन जाहीर केले आणि १९२९ साली एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते सापडले. हुतुतूतला गडी विरोधकाच्या अंगणात झेप घेतो, तेव्हा पहिल्या काही सेकंदांचा खर्च सुब्बारावांच्या या फॉस्फोक्रिएटिनमधून भागतो. मग प्राणवायूविना होणारे ते तुटपुंजे ज्वलन कामाला लागते, स्नायूत लॅक्टिक आम्ल साठू लागते, आणि गडी परत येऊन गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकतो. दम खातो म्हणजे काय करतो? उसनवारी फेडतो!

दुसरा टप्पा तंतुकणिकेच्या आत. ग्लुकोजचे ते दोन तुकडे आत शिरले, की प्रत्येकातला कार्बन सुटा होत होत कार्बन डायऑक्साइड बनतो. ही क्रिया एका वर्तुळात फिरते. शेवटचा पदार्थ पुन्हा पहिल्याच्या जागी येऊन उभा राहतो. हे वर्तुळ ज्याने शोधले त्या हान्स क्रेब्जला, तो ज्यू असल्यामुळे, १९३३ साली जर्मनीतली नोकरी गमवावी लागली. इंग्लंडात शेफील्डला त्याने कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग केले. सतत पंख मारणारा तो स्नायू. तिथली चूल जोमात असणारच. १९३७ साली आपला शोध त्याने ‘नेचर’ या विख्यात साप्ताहिकाकडे पाठवला. जागा नाही म्हणून तो परत आला! मग तो हॉलंडच्या एका नियतकालिकात छापला गेला आणि १९५३ साली क्रेब्जला नोबेल पारितोषिक मिळाले. साभार परत आलेल्या लेखांचे ज्यांच्याकडे गाठोडे आहे, त्यांनी हा मजकूर कापून ठेवावा.

तिसऱ्या टप्प्यात खरी कमाई. तंतुकणिकेला दोन पापुद्रे असतात. आतला पापुद्रा नऊवारीच्या निऱ्यांसारखा चुण्या घालून बसवलेला असतो. थोड्या जागेत जास्त कापड. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन या पापुद्र्यातल्या पायऱ्या एकेक करून उतरतात. प्रत्येक उतरणीत सुटणाऱ्या ऊर्जेवर जणू पंप चालतो आणि हायड्रोजनचे धन कण पापुद्र्याच्या पलीकडे लोटले जातात. आपल्या इमारतीत पंप लावून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतात, तसेच हे. टाकी भरली, की पाणी खाली यायला बघणारच. त्याला वाट एकच: पापुद्र्यात बसवलेले एक चक्र. कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजघरात चाके फिरवते, तसे हे कण परतताना ते चक्र फिरवतात आणि चक्राच्या प्रत्येक फेऱ्याला ३ एटीपी तयार होतात.

ही टाकीची कल्पना पीटर मिचेल या इंग्रजाने १९६१ साली मांडली, तेव्हा बहुतेक पंडितांनी माना हलवल्या. प्रकृती बिघडली म्हणून त्याने एडिंबरो विद्यापीठ सोडले, कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्याची डागडुजी केली आणि तिथेच प्रयोगशाळा थाटून तो आपल्या म्हणण्याला चिकटून राहिला. दमाने घेणे म्हणतात ते हे! १९७८ साली नोबेल पारितोषिक त्या वाड्यावर चालत आले. आणि १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्या चक्राला एक चकाकणारा तंतू जोडून ते गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले.

हा सारा हिशेब जमेस धरला, तर एका ग्लुकोजचे सुमारे ३० ते ३२ एटीपी होतात. कुठे ते २ आणि कुठे हे ३०! हा फरक कोणामुळे? प्राणवायूमुळे. आणि तो नेमके करतो काय? मला वाटत होते, आपण घेतलेला प्राणवायू कार्बनशी जोडला जातो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. बाई म्हणाल्या, “नाही सर. तो शेवटच्या पायरीवर उभा असतो. उतरून आलेल्या इलेक्ट्रॉनांना तो ओंजळीत घेतो, जोडीला हायड्रोजन घेतो, आणि त्याचं पाणी होतं.” तो तिथे नसला, तर वरच्या सगळ्या पायऱ्यांवर गर्दी तुंबते आणि चक्र थांबते. प्रत्येक श्वासासरशी आपण घेतो तो प्राणवायू अखेर आपल्या आत थेंबाथेंबाने पाणी होतो, या माहितीने मी तो दिवसभर गप्प होतो.

आईच्या प्रश्नाचे उत्तर आता माझ्याजवळ होते. प्राणवायू वाहून नेतात त्या तांबड्या पेशी. गंमत अशी, की या एवढ्या पेशींच्या स्वतःच्या पोटात एकही तंतुकणिका नसते. पाठीवर प्राणवायूचे ओझे आणि स्वतःची गुजराण त्या तुटपुंज्या दोन एटीपींवर. बोटावरचे यंत्र फक्त या पेशींच्या पाठीवरचे ओझे मोजते. त्यांना पुढे ढकलणारे हृदय दुबळे झाले, तर भरल्या पाठीने त्या वाटेतच रेंगाळतात आणि दूरच्या स्नायूंतल्या चुली मंदावतात. खुद्द हृदयाच्या पेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा तंतुकणिकांनीच भरलेला असतो, कारण त्याला जन्मापासून बसायला वेळ नाही.

मी आईला हे सांगितले. “यंत्रही खरं बोलतंय आणि तूही,” असे म्हणालो.

तिने डोळे मिटूनच ऐकले. मग म्हणाली, “म्हणजे वाढपी हातात भरलेली पातेली घेऊन उभे, पण पंगतीपर्यंत पोचत नाहीत. असंच ना?”

बाईंना आणि मला जे सांगायला पंधरा दिवस लागले, ते तिने एका वाक्यात आटोपले. आयुष्यभर तिने पंगती वाढल्या होत्या.

पुढे ती वाळत गेली. वजन उतरते तेव्हा ते जाते कुठे, असा विचार आपण सहसा करीत नाही. घामावाटे, असे कोणी म्हणतो. उष्णता होऊन, असे कोणी. २०१४ साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हा हिशेब मांडून दाखवला: १० किलो चरबी जळाली, तर त्यातली सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते; उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. रात्री मी तिच्या खोलीत झोपत असे आणि तिचा श्वास ऐकत असे. आई आमच्या घरातल्या हवेत श्वासाश्वासाने विरत होती. हे वाक्य मला अलंकार म्हणून सुचले नाही. तो हिशेब होता. २०२२ च्या पावसाळ्यात ती गेली.

त्यानंतर स्टाफरूममध्ये बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. सांगताना त्यांचा आवाज शिकवण्याचा नव्हता. तंतुकणिका मूळच्या पेशीतल्या नव्हेत. दीडशे-दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच नांदू लागला. तिचा हा वंश. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीने १९६७ साली हे ठासून मांडले, तेव्हा पंधरा-एक नियतकालिकांनी आधी तिचा लेख परत केला होता. तंतुकणिकांजवळ अजून त्यांचा स्वतःचा छोटा वारसा आहे, ३७ जनुकांचा. तंतुकणिकेचे बाकीचे बरेचसे साहित्य पेशीच्या केंद्रातल्या, म्हणजे आई-बाप दोघांच्या, आराखड्याबरहुकूम तयार होते. पण हा छोटा वारसा मुलाला मिळतो तो आईकडून. बापाच्या तंतुकणिका बीजाबरोबर आत येतात आणि तिथेच मोडीत निघतात.

आमच्या मूळ गावच्या घरी देवघराच्या भिंतीवर वंशवेलीचा तक्ता आहे. काचेत मढवलेला, अकरा पिढ्यांचा. त्यात एकाही बाईचे नाव नाही. ज्या पेशीपेशीत चुली पेटत्या ठेवतात, त्या तंतुकणिकांचा तक्ता मात्र नेमका उलटा आहे: आई, तिची आई, तिची आई. त्यात बापांना जागा नाही आणि नावे कुणाचीच लिहिलेली नाहीत. मी त्या तक्त्यातले शेवटचे टोक. माझ्या मुलाच्या अंगात त्याच्या आईच्या आईचा वारसा आहे. माझ्या आईचा वारसा माझ्यापाशी संपतो.

संपतो, पण माझ्यापाशीच. गेल्या भाऊबीजेला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. ती चौथ्या मजल्यावर राहते आणि नेमकी त्या दिवशी लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून मी दम खात उभा होतो, तोच खालून माझी भाची दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत आली. “मामा, दमलास?” असे विचारत माझ्या हातातला मिठाईचा पुडाही तिने काखेत मारला आणि वर निघून गेली. मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिलो. ती पिशव्या धरण्याची तऱ्हा मला ओळखीची होती. तिच्या आईची आई तशाच धरायची. तिच्या पोटऱ्यांत फिरणारी ती लाखो-करोडो चक्रेही त्याच घरची होती.

जाता जाता माझ्या विषयाकडे येतो. फारसीतल्या ‘दमा’शी मुळीच नाते नसलेला आणखी एक ‘दम’ आपल्याकडे संस्कृतातून आलेला आहे. शम-दम म्हणतो त्यातला. त्याचा अर्थ आवर, संयम. वर्गात हे दोन शब्द मी नेहमी वेगळे करून शिकवतो. मुलांनी त्यांची गल्लत केली, तर गुणही कापतो. यंदाही शिकवीन आणि कापीन. पण तंतुकणिकेत मात्र ते दोघे एकत्र नांदतात. तिथे श्वास आहे आणि आवरही आहे. नुसता श्वास असता, तर भडका उडून एका क्षणात राख झाली असती. म्हणून यंदा पणत्या लावताना वात जरा बारीक ठेवा. तेल तेवढेच असते. दमाने घेतले, तर पहाटेपर्यंत पुरते.